तीनशे दिवस शिल्लक

बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या खात्यावर ३०० दिवसांची अर्जित रजा शिल्लक होती. यापेक्षा जास्त साठवता येत नाही, आणि साठवलेल्या रजेचे पैसे निवृत्तीच्या वेळी रोख मिळतात. बाबांनी हा आकडा काठोकाठ भरला, याचा आम्हा सगळ्यांना केवढा अभिमान! शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमात साहेबांनी भाषणातही त्याचा उल्लेख केला. त्या पैशांतून घरावर एक खोली चढवली. ते तीनशे दिवस नेमके कोणते होते, हे विचारायचं तेव्हा कुणाला सुचलं नाही. आज मला त्यातले काही सांगता येतात. माझ्या दहावीनंतरचा अख्खा मे महिना. आजी दवाखान्यात होती आणि आई एकटी सकाळ-संध्याकाळ डबे नेत होती, ते दिवस. आणि गिरनार, जो ‘रिटायर झाल्यावर’ करायचा होता.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय ५८ वरून ६० करा, ही मागणी दर एक-दोन वर्षांनी डोकं वर काढते. केंद्र सरकारने १९९८ मध्येच ६० केलं, तमिळनाडू ६० वर गेलं, तेलंगण ६१ वर, आंध्र ६२ वर. महाराष्ट्रात मात्र ‘ड’ वर्ग सोडला तर बहुतेकांना ५८ लाच निरोप. मग ठरलेलं भांडण सुरू होतं. एक बाजू अनुभवाची महती सांगते, दुसरी बाजू अभ्यासिकांमध्ये उमेदीची वर्षं घालवणाऱ्या पोरांकडे बोट दाखवते. त्याच सुमाराला शेजारी दुसरं भांडण पेटलेलं असतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे प्रमुख ९० तासांवर पोचले. तिसरीकडे हिंजवडीतली तिशीतली मुलं पंचेचाळिशीत कायमचं निवृत्त होण्याचे हिशेब मांडत बसली आहेत. तिन्हीकडे लोक तावातावाने बोलतात, पण तिन्ही वाद एकाच गृहीतावर उभे आहेत आणि त्याला कुणी हात लावत नाही. जगणं ही काम संपल्यावर हातात पडणारी मुदतठेव आहे, हे ते गृहीत. भांडण चाललंय ते फक्त मुदत किती वर्षांची, यावरून.

माझं म्हणणं असं आहे. ५८ हे वय हक्क म्हणून तसंच ठेवावं. ज्याला त्या दिवशी थांबायचं आहे त्याला आजचे सगळे लाभ घेऊन थांबता यावं. मात्र पंचावन्नच्या पुढे काम पायरीपायरीने उतरवण्याची मुभा असावी. आठवड्याचे पाच दिवस चारावर, मग तीनावर, त्या प्रमाणात पगार. आणि ज्याला झेपतं, आवडतं, त्याने असं अर्धं काम करत बासष्टपर्यंत जावं. त्याआधीच्या तीस-पस्तीस वर्षांत रजा साठवण्याऐवजी वापरायला लावणारे नियम असावेत. आज आपण माणसाला कड्यापर्यंत पळवत नेतो आणि ठरलेल्या तारखेला, बहुधा महिनाअखेरीला संध्याकाळी, हार घालून कड्यावरून ढकलतो. तो कडा दोन वर्षं पुढे सरकवल्याने त्याचा उतार होत नाही.

हे आकडे आले तरी कुठून? जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८९ मध्ये, म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला तेव्हा वय ठरलं ७०; १९१६ मध्ये ते ६५ वर आलं. आपल्याकडे केंद्र सरकारी नोकर आधी ५५ ला निवृत्त होत, १९६२ पासून ५८ ला. आज उच्च न्यायालयाचा न्यायाधीश ६२ ला थांबतो, सर्वोच्च न्यायालयाचा ६५ ला, आणि मंत्र्याला तर वयाची अटच नाही. मोरारजी देसाई पंतप्रधान झाले तेव्हा ८१ वर्षांचे होते. यातला एकही आकडा माणसाच्या गुडघ्यांना, डोळ्यांना किंवा मनाला विचारून ठरलेला नाही. तिजोरीत किती आहे आणि दाराशी किती जण उभे आहेत, यावरून ते ठरतात. सरकारला हिशेब करावाच लागतो, त्यात गैर काही नाही. पण त्या हिशेबाला आयुष्याचा नियम समजण्याची चूक आपण करू नये.

‘वय वाढवा’ म्हणणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा आयुर्मानाचा आहे, आणि तो मला मान्य आहे. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीय माणसाचं सरासरी आयुष्य बत्तीस-तेहेतीस वर्षांचं होतं, आज ते सत्तरच्या घरात आहे. पण त्या सरासरीत बालमृत्यू कमी झाल्याचा वाटा मोठा आहे. त्यावरून अठ्ठावन्नचा प्रत्येक माणूस आणखी दोन वर्षं राबायला तयार आहे, असं निघत नाही. मी कोल्हापूरजवळच्या एका लहान फौंड्रीत हिशेब बघते. माझी खुर्ची पंख्याखाली आहे. मला साठीपर्यंत सहज बसता येईल. पन्नास पावलांवर मोल्डिंगचा विभाग आहे. तिथे वाकून वाळूचे साचे भरायचे, चौदाशे अंशांच्या आसपास तापलेलं लोखंड लेडलमधून ओतायचं, मे महिन्यातसुद्धा. आमचा एक मोल्डर पंचविशीत लागला, पन्नाशीत त्याच्या कमरेने हात टेकले. त्याला स्टोअरमध्ये ‘हलक्या कामावर’ टाकलं आणि पहिल्याच महिन्यात ओव्हरटाइम गेल्याने पगार उतरला. पगारपत्रक घेऊन तो माझ्या टेबलापाशी आला. काही बोलला नाही, नुसतं कागदावर बोट ठेवून उभा राहिला. त्याच्यासाठी निवृत्तीचं वय किती धरायचं, आणि माझ्यासाठी किती? दोघांनाही एकच आकडा लावला तर दोघांपैकी एकावर अन्याय होणारच.

आणि ज्यांना कामात खरा जीव आहे त्यांचं काय? त्यांना सक्तीने घरी बसवणं हीसुद्धा क्रूरताच, हेही मान्य. म्हणूनच मला आमच्या पेठेतल्या शिंपीकाकांचं उदाहरण फार मोलाचं वाटतं. ते एकाहत्तर वर्षांचे आहेत. साठीत त्यांनी सफारी आणि पँट शिवणं सोडलं, कारण जाड कापडाला पाय फार मारावे लागत. पुढे दोन-तीन वर्षांनी लग्नसराईच्या घाईच्या ऑर्डरी घेणं बंद केलं. मग शर्ट पुतण्याकडे दिले. आता ते सकाळी दहा ते एक येतात आणि फक्त माप घेतात, कापड बेततात. शिवतो पुतण्या. बेतण्यात चूक झाली तर कापड वाया जातं, म्हणून चाळीस वर्षांची नजर तिथे लागते. शिवायला लागतात ते तरुण पाय आणि पाठ. दुपारी ते जेवून झोपतात, संध्याकाळी रंकाळ्याला एक फेरी. काका कधी निवृत्त झाले, असं विचारलं तर गल्लीत कुणालाही तारीख सांगता येणार नाही. हे त्यांना जमलं, कारण दुकान त्यांचं होतं. पगारदाराला हे का जमू नये, एवढाच माझा प्रश्न आहे.

इथे अभ्यासिकेतल्या मुलांचा मुद्दा येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. अर्थशास्त्राची पुस्तकं सांगतात की देशात कामाचा साठा ठरावीक नसतो, म्हाताऱ्याने काम केलं म्हणून तरुणाचं काम जात नाही. सबंध अर्थव्यवस्थेपुरतं हे खरं असेल; सरकारी कचेरीत ते खरं नाही. तिथे मंजूर पदं मोजलेली असतात आणि एका खुर्चीत एकच माणूस बसतो. दोन वर्षांनी वय वाढलं तर दोन वर्षं ती खुर्ची रिकामी होत नाही, मागच्यांची बढती अडते, आणि वयोमर्यादेच्या काठावर उभ्या मुलाची शेवटची संधी हुकते. म्हणून सरसकट साठ करायला माझाही विरोध आहे. पण मुलांच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही एक विचारावंसं वाटतं. राज्यात इतकी पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत, ती काय म्हातारे उठत नाहीत म्हणून? भरतीच वेळेवर होत नाही, झाली तर पेपर फुटतो, नाहीतर निकाल न्यायालयात अडकतो. तो राग अठ्ठावन्नच्या कारकुनावर काढून काय मिळणार? उलट दोन ज्येष्ठ कर्मचारी अर्ध्या वेळेवर गेले तर एक पूर्ण जागा मोकळी होते, आणि नव्याने आलेल्या मुलीला शेजारच्या टेबलावर विचारायला माणूस मिळतो. आज काय होतं? ज्याला गावचा सातबारा तोंडपाठ, तो ३१ तारखेला जातो आणि नवा माणूस येतो सहा-आठ महिन्यांनी. मधल्या काळात दप्तरातल्या खाणाखुणा कुणालाच कळत नाहीत आणि हेलपाटे मारतो शेतकरी.

हा उतार कागदावर सोपा दिसतो, प्रत्यक्षात निसरडा आहे, हे मात्र सांगितलं पाहिजे. जर्मनीने १९९६ मध्ये पंचावन्नच्या पुढच्यांना अर्धवेळ कामाची सोय देणारा कायदा केला. कल्पना हीच होती. लोकांनी आणि कंपन्यांनी त्यातून पळवाट काढली: मुदतीचा पहिला अर्धा भाग पूर्णवेळ काम करायचं आणि दुसरा अर्धा भाग पूर्ण घरी बसायचं. बहुतेकांनी हाच मार्ग घेतला. म्हणजे उतार दिला तरी लोकांनी त्याचा पुन्हा कडाच केला, फक्त थोडा अलीकडे. यावरून काही जण म्हणतील की माणसाला कडाच आवडतो. मला तसं वाटत नाही. पळवाट ठेवली की गाडी तिथूनच जाते, आणि मालकालाही अर्ध्या माणसाचं वेळापत्रक सांभाळण्यापेक्षा तो एकदाचा गेलेला बरा वाटतो. आपण नियम करताना वर्षभराचे दिवस एकत्र बांधता येणार नाहीत, हे पहिल्याच ओळीत लिहावं.

सत्तर आणि नव्वद तासांच्या बाजूने बोलणारे राष्ट्र उभारणीची आठवण देतात. उमेदीच्या वयात झपाटून काम करण्यात सुख असतं, हे मी नाकारत नाही. मार्चअखेरीला मीही रात्री दहापर्यंत बसते आणि ताळेबंद जुळला की अंगात वारं शिरल्यासारखं होतं. पण स्वतःहून झपाटणं वेगळं आणि दुसऱ्याला तास मोजून देणं वेगळं. १९२२ च्या कारखाना कायद्याने आठवड्याची मर्यादा ६० तास केली, १९३४ मध्ये ती ५४ झाली, १९४८ मध्ये ४८. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी परक्या सरकारला जे जास्त वाटलं, त्याहून दहा तास वर आज आपलेच लोक मागत आहेत. आणि त्याच्याही आधीचा इतिहास तर आपल्या मुंबईतला आहे. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र केलं. गिरण्या उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत चालत. त्यांच्या मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार वेळेवर. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. सहा दिवस माणूस पोटासाठी राबतो, एक दिवस त्याला समाजासाठी आणि खंडोबासाठी हवा, अशी त्यामागची मांडणी होती. मला यात फार मोठं शहाणपण दिसतं. आयुष्याच्या शेवटी मिळणारी विश्रांती लोखंड्यांनी मागितली नाही, त्यांनी आठवड्यातला वार मागितला. गिरणीत शेवटापर्यंत किती जण पोचतात, हे ते रोज डोळ्यांनी बघत होते.

पंचेचाळिशीत निवृत्त होऊ पाहणाऱ्या मुलांबद्दल मला राग नाही, उलट त्यांच्या कचेऱ्या कशा असतील याची काळजी वाटते. पण वीस वर्षं स्वतःला पिळून पंचेचाळिसाव्या वर्षी जगायला सुरुवात करायची, म्हणजे बाबांचेच तीनशे दिवस. फक्त ठेव मोठी आणि मुदत लहान. ज्याने वीस वर्षांत एकही संध्याकाळ मोकळी ठेवली नाही, त्याला पंचेचाळिसाव्या वर्षी सगळ्या संध्याकाळी दिल्या तर तो त्यांचं करणार काय?

आता पैशाचा मुद्दा. या सगळ्या चर्चेवरचा हाच खरा आक्षेप आहे: हे चोचले पेन्शनवाल्यांचे. आमच्या फौंड्रीतला माणूस ५८ ला १०-डीचा, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शनचा, अर्ज भरतो तेव्हा मी त्याला आकडा सांगते आणि तो दोनदा विचारतो, ‘महिन्याला?’ पेन्शनसाठी धरायच्या पगाराची मर्यादा १५,००० रुपये आहे. तीस वर्षं भरूनही हातात सात हजारांच्या आतच पडतात. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवर थांबलेलं. बीडहून कारखान्यावर येणारं ऊसतोड जोडपं तर कुठल्याच यादीत नाही. तिथे नवरा-बायको मिळून मोजायचं एकच माप, ‘एक कोयता’. त्यांचं काम शरीर थांबेल तेव्हा थांबतं, आणि पासष्टीनंतर श्रावणबाळ योजनेचे दीड हजार, तेही निराधार ठरले तर. या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणेन की हे कामाचे तास कमी करण्याच्या विरोधातलं कारण नाही, पेन्शन सगळ्यांना देण्याच्या बाजूचं कारण आहे. सरकारने आपल्या काही लाख माणसांचं वय दोन वर्षांनी वाढवायचं की नाही यावर समित्या बसवण्याआधी ते हजार रुपये का हलत नाहीत, याचं उत्तर द्यावं.

आणि एक माणूस या वादात कधीच नसतो. बाबा निवृत्त झाले तेव्हा आई ५४ वर्षांची होती. त्याआधी सकाळी साडेनऊला बाबा बाहेर पडले की संध्याकाळी सहापर्यंतचा वेळ तिचा होता. धुणंभांडी, दळण, वाळवणं सगळं होतं त्यात, पण क्रम तिचा होता. दुपारी ती तासभर मासिक वाचायची. बाबा घरी बसले आणि दोन वेळचा चहा चार वेळचा झाला. अकराला ‘काहीतरी तोंडात टाकायला’ आलं. दुपारी टीव्ही लागला आणि मासिक गेलं. बाबांनी मुद्दाम काही केलं नाही. त्यांना तेवढंच येत होतं. पस्तीस वर्षं सरकारने त्यांना दुसरं काही शिकायला वेळ दिला नव्हता आणि आम्हीही मागितला नव्हता. नवऱ्याच्या निवृत्तीने बायकोचं काम वाढतं, हे आपल्या प्रत्येक गल्लीत दिसतं. हेच बाबा पंचावन्नपासून आठवड्यात दोन दिवस घरी असते, तर कुकर लावायला तरी शिकले असते. आईचा रविवार १८९० पासून अजून आलेला नाही.

पुण्यातल्या तीन माणसांच्या तारखा मी अलीकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. न्यायमूर्ती रानडे १९०१ च्या जानेवारीत गेले. एकोणसाठ पूर्ण व्हायला दोन दिवस कमी होते आणि उच्च न्यायालयाची नोकरी अजून सुटली नव्हती. गोखले १९०२ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, फर्ग्युसनमधून मोकळे झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्य वीस वर्षांच्या सेवेची शपथ घेत. तिथे वय मोजत नव्हते, दिलेली वर्षं मोजत होते. पुढची तेरा वर्षं त्यांनी देशकार्याला दिली आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते गेले. धोंडो केशव कर्वे १८९१ ते १९१४ फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते आणि १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा त्यांचं वय होतं बरोबर ५८. पुढे ते आणखी सेहेचाळीस वर्षं जगले. कर्वे आठवले की लोक म्हणतात, पाहा, निवृत्तीनंतरही किती करता येतं! पण कर्व्यांनी निवृत्तीची वाट कुठे पाहिली? विधवांसाठीचा आश्रम १८९६ चा आहे. नोकरी चालू असताना ते हिंगण्याहून पायी शहरात येत, शिकवत आणि परत जात. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांच्या हातात काम होतं, कारण अडतिसाव्या वर्षी त्यांनी त्याला जागा केली होती.

माझ्या मागण्यांपैकी सगळ्यात लहान, आणि सरकारला आजच एका परिपत्रकाने करता येईल अशी, ही आहे: दरवर्षी मिळणाऱ्या अर्जित रजेतले निदान दहा दिवस घेतलेच पाहिजेत, ते साठवता येणार नाहीत आणि त्यांचे पैसेही मिळणार नाहीत. पस्तीस वर्षांत साडेतीनशे दिवस होतात. संघटना याला विरोध करतील, आणि करणाऱ्यांच्या घरी मुलीचं लग्न किंवा घराचं कर्ज असेल, हे मला कळतं.

गिरनार शेवटी झाला, निवृत्तीनंतर सातव्या वर्षी, रोपवेने. अंबाजीपर्यंत दोघं गेले. पुढच्या पायऱ्या आईच्या गुडघ्यांना शक्य नव्हत्या, म्हणून बाबा एकटे दत्ताच्या पादुकांपर्यंत गेले आणि आई देवळापाशी सावलीत बसून राहिली, दुपार उलटेपर्यंत. परवा मी बाबांना ही रजेची कल्पना सांगितली. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, ‘ते पैसे नसते तर वरची खोली झाली नसती.’ आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘मला कुठे चढवतंय आता तिथं.’